निळ्या कार्डाचा भंडारा

माझ्या धाकट्या भावाचा लिलाव झाला, ही खबर मी आईला फोनवर दिली. ती म्हणाली, "मपल्या लेकराचा? पिशोरच्या बाजारात उभा केला व्हता का काय त्याला?"

मी समजावून सांगितलं. देशात रग्बीची नवी व्यावसायिक लीग निघाली आहे, मोठमोठ्या शहरांच्या नावानं संघ आहेत, संघांचे मालक खेळाडूंवर बोली लावतात आणि ज्याची बोली चढेल त्याच्याकडं तो खेळाडू जातो. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, त्यामुळं बाजार तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तिनं विचारलं, "मंग दात नाय बघितले का त्यांनी?"

धाकट्याचा पुढचा एक दात शाळेत कबड्डी खेळताना अर्धा तुटलेला आहे. मालकांच्या नजरेतून ते निसटलं असावं.

वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. मी तोवर संभाजीनगरात नोकरीला लागले होते, वाळूजच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. त्याला शिकवायला मी शहरात घेऊन आले. तो शिकला कमी आणि पळाला जास्त. कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांनी त्याची कबड्डीतली पकड बघितली आणि त्याच्या हातात तो लंबगोल चेंडू दिला, तो आजतागायत त्यानं खाली ठेवलेला नाही. माझ्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीवर, फ्रिजवर, एकदा तर पिठाच्या डब्यातसुद्धा मला तो चेंडू सापडला आहे. आईला त्याचा आकार कधीच पटला नाही. ती त्याला भोपळा म्हणते.

खेळ तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. दोन्हीकडं सात-सात गडी, चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं धरून पाडायचं, शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवला की गुण. इथपर्यंत ठीक चाललं. पण चेंडू पुढं फेकायचा नाही, फक्त मागं द्यायचा, हे ऐकून ती चिडलीच. "तोंड पुढं, भोपळा मागं! हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" तरी पहिल्या हंगामात तिनं त्याचा एकही सामना सोडला नाही. नाना, म्हणजे माझे चुलते, त्यांनी खंडोबाच्या देवळापुढं मोठा टीव्ही लावला. सामना सुरू होण्याआधी आई पदरातली हळद, म्हणजे आमचा भंडारा, चिमूटभर टीव्हीच्या काचेला लावायची. त्यामुळं एका कोपऱ्यात सगळे खेळाडू कायम पिवळे दिसायचे.

पहिल्या हंगामाच्या शेवटी शेवटी त्याच्या कानशिलावर एकाचा गुडघा बसला. टीव्हीवर ते दिसलंसुद्धा नाही. तो उठला, खेळला, सामना संपल्यावर हात हलवत गेला. हंगाम संपवून माझ्याकडं राहायला आला तेव्हा मला कळलं, कारण जेवताना त्यानं मला विमानातल्या बाईची गोष्ट सांगितली, हात धुऊन आला, आणि तीच गोष्ट तशीच्या तशी परत सांगितली. मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हणाले, "आता तिसऱ्यांदा सांग, म्हणजे पाठ होईल." तो हसला नाही. त्याला काहीच आठवत नव्हतं.

मग एकेक गोष्ट नजरेला यायला लागली. खिडकीचा पडदा तो सतत ओढून घ्यायचा. मिक्सर लावला की कानावर हात ठेवायचा. शहरात आल्यापासून ज्या रस्त्यानं गेला त्या सिडकोच्या रस्त्यावर एकदा गाडी थांबवून मला फोन केला, "आक्का, आता डावीकडं का उजवीकडं?" मी त्याला पकडूनच मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या शांतपणे बोलल्या, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. डोक्याच्या आत जखम आहे, ती फोटोत दिसत नाही, पण आहे. डोकं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत मैदान बंद. ती भरायच्या आत दुसरा जोराचा फटका बसला तर काय होईल याची हमी त्या देऊ शकत नव्हत्या.

बाहेर आल्यावर त्यानं जिन्यातच मला अडवलं. "आईला सांगायचं नाय. तुला तिची शपथ हाय."

शपथ घालणाऱ्यांचा मला राग येतो. स्वतःच्या डोक्यावर ओझं नको म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर देव ठेवतात. पण आई त्या दिवसांत खरंच थकलेली होती, आणि मी गप्प बसले. मात्र तो गप्प बसला ते मला चाललं नाही. सरावाला परत गेल्यावर त्याला पुन्हा एक बारका फटका बसला, डोकं परत दुखायला लागलं, आणि तो संघाला सांगायला तयार होईना. "बाहेर बसलो की मपली जागा गेली, आक्का. लोकं रांगेत हायेत." मी खूप भांडले. मी भांडते तेव्हा शेजारच्या काकू दार उघडून बघतात, एवढं भांडले. मग त्याला न विचारता मी संघाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चौकशी करून मला उलट फोन केला आणि सांगितलं की चाचणीत तो पास झालाय, त्याला स्वतःला विचारलं, तो म्हणतो मी एकदम ठीक आहे, ताई जरा काळजी करतात.

चाचणीत काही शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत म्हणायला लावतात. ते शब्द त्यानं एका मित्राकडून आधीच पाठ करून ठेवले होते. बारावीला एवढं पाठ केलं असतं तर आज साहेब असता.

त्या फोननंतर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. दुसरा हंगाम तोंडावर आला होता. आमच्या कारखान्यात एखाद्या पार्टबद्दल शंका आली की आम्ही त्याला पिवळी पट्टी बांधतो आणि बाजूला ठेवतो. खराब आहे हे सिद्ध व्हावं लागत नाही, शंका पुरते. पार्टला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू ठीक आहेस का. मी रोज त्या पट्ट्या बांधायचे आणि रोज मला धाकट्याचा राग यायचा, आणि त्याला विचारून विचारून मैदानात सोडणाऱ्या शहाण्यांचा त्याहून जास्त यायचा.

अशात लीगनं नवे नियम जाहीर केले. जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, मी ते मोबाइलवर वाचले. सामन्याचे आता दोन नाही, चार भाग होणार होते, म्हणजे जाहिरातींना जागा. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येणार होते. समोरच्याला धरताना हात छातीच्या वर गेला की दंड. आणि सगळ्यात खाली, कुणाचं लक्ष जाऊ नये अशा जागी, निळं कार्ड. एखाद्या खेळाडूच्या डोक्याला मार लागला असावा अशी नुसती शंका मुख्य पंचाला आली तरी तो निळं कार्ड दाखवेल. ज्याला दाखवलं तो ताबडतोब मैदानाबाहेर, त्या सामन्यात परत नाही, आणि लीगच्या स्वतंत्र डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय पुढच्याही नाही. खेळाडूचं म्हणणं विचारात घेतलं जाणार नाही, असं शेवटचं वाक्य होतं.

ते वाक्य मी परत परत वाचलं. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली का?"

मोबाइलवर सगळीकडं त्या नियमांना शिव्या चालल्या होत्या. खेळ मिळमिळीत करून टाकला, आता बांगड्या भरून खेळा, वगैरे. बांगड्या भरलेल्या बायका दिवसभर काय काय उचलतात हे ह्या लोकांनी कधी बघितलं नसावं. धाकट्यानंही संघाच्या कुठल्याशा मुलाखतीत नवे नियम आवडले नाहीत असं सांगितलं. छातीखाली धरायचा नियम मात्र आईला फोनवर सांगितला तर ती म्हणाली, "बराबर हाय की. मेंढरू बी कुणी मानंला धरत नाय." निळ्या कार्डाबद्दल मी तिला काही बोलले नाही. शपथ होती.

दुसरा हंगाम सुरू झाला आणि माझं एक विचित्र काम सुरू झालं. बाकी लोक आपल्या माणसानं गुण करावा म्हणून टीव्हीपुढं बसतात. मी बसायचे ते पंचाकडं बघत. त्याच्या उजव्या खिशाकडं. धाकटा पडला की मी टीव्हीजवळ सरकायचे आणि तो उठला की मनात म्हणायचे, अरे बघ की त्याच्याकडं, घे की शंका. आपल्या भावाला बाहेर काढावं म्हणून देवाला हात जोडणारी बहीण मी तरी दुसरी बघितली नाही. पंच मात्र खिशातून पिवळंच कार्ड काढायचा, एकदोनदा लालही निघालं, आणि ते दुसऱ्याच कुणालातरी. पिवळं म्हणजे थोडा वेळ बाहेर आणि लाल म्हणजे कायमचा, ही दोन्ही वाईट, एवढं गावातल्या लहान पोरांनाही आता कळलं होतं.

उपांत्य सामना रविवारी संध्याकाळी होता. नानांचा फोन आला, "गावात ये, समदे जमणार हायेत, तुपल्या भावाचा एवढा मोठा सामना." दुपारीच निघाले. दौलताबाद गेलं, वेरूळ गेलं, बसमध्ये बाकीचे डुलक्या काढत होते आणि मी मैलाचे दगड मोजत होते. गावात पोचले तर देवळापुढं सतरंज्या अंथरलेल्या, ढोलवाले बसलेले, आणि आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. टीव्हीच्या कोपऱ्यात भंडारा लागला होता. ताटात आणखी बराच भरून ठेवला होता, जिंकल्यावर उधळायला.

धाकटा त्या दिवशी चांगला खेळत होता. पहिल्याच भागात त्यानं चेंडू घेऊन जी धाव काढली ती बघून ढोलवाल्यांनी घाई केली आणि नानांनी त्यांना दमात घेतलं, "आरं थांबा, आजून लई बाकी हाय." मीही क्षणभर सगळं विसरून ओरडले. खोटं कशाला सांगू, तो पळतो तेव्हा फार सुंदर पळतो.

तिसऱ्या भागात समोरचा एक दांडगा गडी चेंडू घेऊन आला. धाकटा नियमाप्रमाणं खाली वाकून त्याच्या मांड्यांना भिडला, आणि त्या गड्याचं कंबरेचं हाड बरोबर त्याच्या कपाळावर बसलं. नियमाबाहेर काही झालं नव्हतं. दोघं पडले. तो गडी उठला. धाकटाही उठला, अंगावरचं गवत झटकलं, चालत गेला आणि रांगेत उभा राहिला. समोरच्या संघाच्या रांगेत.

देवळापुढं हशा पिकला. "आरं तिकडं कुठं! फितूर झाला का काय!" आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. मी हसले नाही. सिडकोच्या रस्त्यावर थांबून, डावीकडं का उजवीकडं विचारणारा तो आवाज मला ऐकू येत होता.

पंचानं शिट्टी मारली आणि त्याच्याजवळ गेला. टीव्हीवर दोघांचे चेहरे मोठे झाले. पंच काहीतरी विचारत होता आणि धाकटा हसत होता, अर्धा दात दाखवत, आणि त्यानं अंगठा वर केला. मी ठीक आहे. तो अंगठा मला ओळखीचा होता. जिन्यात, स्वयंपाकघरात, बोलणं बंद व्हायच्या आधी त्यानं मला तोच दाखवला होता. पंचानं त्या अंगठ्याकडं बघितलं, मान हलवली, उजव्या खिशात हात घातला आणि कार्ड वर केलं.

निळं होतं.

तिकडं मैदानात सगळे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. जखमी खेळाडू बाहेर जाताना अशा टाळ्या वाजवायची तिकडं रीत आहे. समोरच्या संघाचा तो दांडगा गडी आला, त्यानं धाकट्याला मिठी मारली. पंचानं त्याची पाठ थोपटली. डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि तो बाहेर निघाला.

आता हे सगळं आमच्या गावानं कसं बघितलं ते सांगते. पिवळं वाईट, लाल त्याहून वाईट, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. निळं कुणी कधी बघितलंच नव्हतं. आणि निळं दाखवल्यावर सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतंय, शत्रू येऊन मिठ्या मारतायत, साहेब लोक हात धरून नेतायत. नाना ताडकन उठले. "निळं! समद्यात मोठं निळं दिसतंय! आरं बक्षीस दिलं पोराला!"

एवढंच पुरलं. ढोल सुरू झाले. यळकोट यळकोट जय मल्हार! ताटातला भंडारा मुठींनी वर गेला आणि बघता बघता देवळाच्या पायऱ्या, सतरंज्या, टीव्ही, म्हातारे, पोरं, सगळं पिवळंधमक झालं. बायकांनी आईला मळवट भरल्यासारखा भंडारा फासला. आई नाचत होती. वडील गेल्यापासून मी तिला नाचताना बघितलं नव्हतं.

आणि मी रडत होते. मोठ्यानं, लहान पोरासारखी, नाक गळेपर्यंत. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होत्या, "लई आनंद झाला गं पोरीला." व्हय, झाला होता. त्या सबंध गर्दीत कार्डाचा अर्थ फक्त मला कळला होता, आणि सगळ्यात जास्त आनंदही मलाच झाला होता. काढलं बाई त्याला. कुणीतरी काढलं. त्याला न विचारता काढलं. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, त्याआधी मी नुसतं म्हणत होते.

पण आईला सांगायचं कसं? ती पिवळ्या कपाळानं सगळ्यांना पेढे वाटायला सांगत होती. मी देवळामागं जाऊन धाकट्याला फोन लावला, लागला नाही. परत लावला. मग संघाच्या त्या सभ्य व्यवस्थापकाला लावला, त्यांनी उचलला. धाकटा शुद्धीवर आहे, बोलतोय, डॉक्टर तपासतायत, दवाखान्यात नेऊन फोटो काढू, काळजी करू नका, तुम्ही म्हणत होतात ते... मी त्यांना पुढं बोलायला लावलं नाही. ती वेळ हिशेब चुकते करायची नव्हती.

मी परत पुढं आले तर आईच्या हातातला फोन वाजत होता. धाकट्याचाच. दवाखान्यात जायच्या गाडीतून त्यानं तिला लावला होता. नानांनी घाईघाईनं स्पीकर चालू केला आणि ढोलवाल्यांना हात केला. ढोल थांबले.

"काय दिलं रं तुला?" आईनं विचारलं. "ते निळं काय हाय?"

"माय, काय दिलं नाय," तो म्हणाला. आवाज जड होता. "मला बाहेर काढलंय. डोक्याला लागलंय. पहिलं बी लागलं व्हतं. मी सांगितलं नाय तुला."

आईचा हात हळूहळू खाली आला. नाना तिच्याकडं बघायला तयार नव्हते. आता ती कोसळणार म्हणून मी पुढं सरकले. पोरांच्या अंगावरचा भंडारा अजून गळत होता, तो सतरंजीवर पडायचा आवाज येतोय की काय असं मला वाटलं.

"कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"पंचानं."

"आन तू काय म्हणलास त्याला?"

"मी म्हणलं, मी ठीक हाय."

आईनं कपाळावरचा भंडारा बोटानं पुसला, बोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "मंग बराबरच उधळला की आम्ही. खोटं बोलणाऱ्याला वळखणारा भेटला तुला." आणि ढोलवाल्यांकडं वळून म्हणाली, "कामून थांबले रं? वाजवा."

ढोलवाल्यांना काय करावं ते कळेना. एकानं भीत भीत टिपरू मारलं, दुसऱ्यानं धरलं, आणि डोक्याला मार लागून बाहेर गेलेल्या खेळाडूसाठी आमचं गाव अंधार पडेपर्यंत वाजवत राहिलं. सामना कोण जिंकलं ते कुणी बघितलं नाही. आम्ही हरलो होतो.

दवाखान्यातले फोटो स्वच्छ आले. तरी लीगच्या डॉक्टरांनी परवानगी दिली नाही, बरेच दिवस दिली नाही, आणि मी त्यांना मनातून आशीर्वाद देत राहिले. मी सुट्टी टाकून त्याला घेऊन आले आणि गावी सोडलं. तो झोपला. असा झोपला की आई मधूनमधून जाऊन श्वास बघायची. उठला की मेंढरांमागं थोडं चालायचं, परत येऊन झोपायचं. मोबाइल आईनं डाळीच्या डब्यात ठेवून दिला होता.

मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा तो ओट्यावर सावलीत बसला होता. आम्ही हंगामभर बोललो नव्हतो, गावी आणतानाही तो झोपूनच होता, त्यामुळं सुरुवात कुणी करायची हा प्रश्न होता. त्यानं केली. "आक्का, त्या पंचानं निळं काढलं ना, तवा मला लई शिव्या द्याव्या वाटल्या. आन गाडीत बसल्यावर असं झालं, की... बरं झालं. आपण व्हऊन बाहेर येता येत नव्हतं मला. तू म्हणत व्हतीस तरी नाय, डॉक्टर म्हणले तरी नाय. पाय उचलतच नव्हता. त्यानं काढलं, तर मला कुणी भित्रा म्हणलं नाय. उलट टाळ्या वाजवल्या."

मला खूप बोलायचं होतं. हंगामभर साठवून ठेवलेली सगळी वाक्यं माझ्याकडं तयार होती. पण तो पडद्याशिवाय, उघड्या उजेडात, डोळे न मिटता बसला होता. मी म्हणाले, "चहा घेतोस?"

आईनं मात्र त्या निळ्या कार्डाला सोडलं नाही. तिच्याकडं जुन्या पाण्याच्या पिंपाचं एक निळं झाकण होतं. धाकटा जरा बरा झाला आणि पहाटे उठून पळायला निघाला, तर आई दारात झाकण वर धरून उभी. तो म्हणाला, "माय, मी ठीक हाय." ती म्हणाली, "तुला कुणी इचारलं?" तो मुकाट्यानं परत जाऊन पडला. मग तिला सवयच लागली. नाना तापात रानात निघाले, त्यांना झाकण. शेजारची सून पाय सुजलेला असताना पाणी भरत होती, तिला झाकण. गावात सगळे हसायचे आणि सगळे ऐकायचे.

डोकं दुखायचं थांबलं. पावसाळा निघून गेला, दिवाळी आली, आणि शेवटी लीगच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. त्याच्याबरोबर आमच्या डॉक्टरीणबाईंकडं मी गेले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, खेळू दे आता. आम्ही थेट गावाला गेलो. बसमध्ये वेरूळच्या पुढं तो खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा घेत होता आणि मी त्याला आत ओढत होते.

घरी पोचल्या पोचल्या मी कामाला लागले. पिशव्या उघडल्या, डबे लावले, भाजी चिरायला घेतली. तोंड सुरूच होतं. सरावाला कधी जायचंय, नवं हेल्मेट असतं म्हणे ते घ्यायचं का, पुढच्या महिन्यात परत दाखवायचं, व्यवस्थापकाशी मीच बोलते, गोळ्या बंद केल्यास का, हात दाखव, जीभ दाखव. सकाळपासून माझं स्वतःचं डोकं ठणकत होतं म्हणून ओढणी करकचून कपाळाला बांधली होती. हंगाम संपला होता, तो बरा झाला होता, आणि माझे हात थांबत नव्हते. कशासाठी पळतेय तेही मला कळत नव्हतं.

समोर सावली आली म्हणून मी वर बघितलं. आई उभी होती. तिच्या हातात झाकण होतं आणि तिनं ते माझ्यापुढं, वर, हात ताठ करून धरलं होतं.

मी म्हणाले, "आई, मी ठीक आहे."

"तुला कुणी इचारलं?"

तिनं माझ्यापुढची विळी ओढून घेतली. मी उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. पाठीमागं धाकट्यानं टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच, जोरजोरात. मग तो चहा घेऊन आला. अर्धा बशीत सांडला होता. मी तो तसाच प्यायले आणि भिंतीला टेकून, कितीतरी दिवसांनी, कशाचाच विचार न करता झोपले.